भांडुपच्या चढणीवरची हाडं

मुंबई ते ठाणे रेल्वेची कल्पना सरकारी अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुप भेटीतच सुचली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला याच गावावरून ठाण्याला गेली. गावाचा खरा पालट मात्र शंभर वर्षांनी झाला. १९५० च्या दशकात एशियन पेंट्स, सिएट असे कारखाने उभे राहिले. पाठोपाठ कोकणातली आणि घाटावरची माणसं आली. सपाटीवरच्या चाळी भरल्या, तशी घरं खिंडीपाडा, हनुमान नगरच्या चढावर सरकली.

पाणी बायकाच वर न्यायच्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मुंबईच्या पाण्यातला मोठा वाटा शुद्ध करणारं महापालिकेचं केंद्र भांडुपमध्येच आहे, पण टेकडीवर नळ उशिरा पोहोचला.

ओझं वाहिल्याने हाडं ठिसूळ होत नाहीत, उलट चढ-उताराने बळकटच होतात. पाळी गेल्यावर मात्र ती झपाट्याने ठिसूळ होतात. हा संबंध फुलर अल्ब्राइट या अमेरिकी डॉक्टरने १९४० च्या सुमारास मांडला. त्यात गावाकडची नाचणीची भाकरी सुटली आणि ताटात रेशनचे गहू-तांदूळ आले. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात ते अगदीच कमी.

पूर्वी घरच्यांची शुश्रूषा हाड मोडल्यावर सुरू व्हायची. हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधायचा, लेप लावायचा. मनगट त्याने सांधत असे, खुबा नव्हे. खुबा मोडलेली आजी अंथरुणाला खिळली की पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ साचायचा. आज अशा वेळी एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून रुग्णाला उभं करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये हाडांच्या घनतेची मोजपट्टी ठरवली आणि मोडण्याआधीच निदान होऊ लागलं.

आता सुनेला-लेकीला हाडांसाठीच्या आठवड्याच्या गोळीचा वार सांभाळावा लागतो. ती उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर द्यायची. नंतर अर्धा तास आजीला आडवं होऊ द्यायचं नाही. मोरी कोरडी ठेवायची, रात्री दिवा लावून ठेवायचा.

पण सार्वजनिक शौचालय पायऱ्या उतरून असेल, तर घरातली काळजी उंबऱ्यापाशीच थांबते. त्या पायऱ्यांना कठडा हवा असेल, तर महापालिकेच्या एस विभाग कार्यालयात वस्तीने मिळून अर्ज करायला हवा, आणि तो पावसाळ्याआधी.