अलीपूरचे रामब्रह्मबाबू

प्राणिसंग्रहालयांचा इतिहास बहुधा कोनशिलांवरून लिहिला जातो. जमीन कोणी दिली, फीत कोणी कापली आणि पहिला वाघ कोणत्या संस्थानिकाने पाठवला, एवढे त्यात मिळते. त्या वाघाला दुसऱ्या दिवशी सकाळी काय घातले आणि तो खात नाहीसा झाला तेव्हा कोणी काय केले, हे मात्र शोधावे लागते. अशा शोधात मी रामब्रह्म सन्याल या माणसापाशी येऊन थांबलो.

कलकत्त्याचे अलीपूर प्राणिसंग्रहालय १८७६ साली सुरू झाले. त्यामागे तारखात्यातील जर्मन तज्ज्ञ कार्ल लुई श्वेंडलर यांचा आग्रह होता आणि सुरुवातीचे बरेचसे प्राणीही त्यांच्याच खाजगी संग्रहातले होते. जागेचा प्रश्न सोडवला तो बंगालचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी. हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नसावे. लगेच पुढल्या वर्षी, १८७७ मध्ये, दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरते असे ठरवणारे तेच हे टेंपल. दख्खनमधल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज केले, आणि त्याच साली टेंपल मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. प्राण्यांच्या खुराकाविषयी वाचताना हा संदर्भ मला बाजूला ठेवता आला नाही.

रामब्रह्म मूळचे मुर्शिदाबाद जिल्ह्यातले. ते कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात डॉक्टर व्हायला आले होते. तीन वर्षे झाल्यावर डोळे बिघडले, दृष्टी जाण्याची भीती निर्माण झाली आणि शिक्षण सोडावे लागले. तिथे वनस्पतिशास्त्र शिकवणारे जॉर्ज किंग यांचा या विद्यार्थ्यावर जीव होता. त्यांनी त्याला नव्या संग्रहालयात चिकटवून दिले. काम हलके होते आणि हुद्दा त्याहून हलका. पण याच बाबूंकडे पुढे सारा कारभार आला. अलीपूरचे ते पहिले हिंदी सुपरिंटेंडेंट झाले आणि १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच जागी राहिले. संग्रहालयात एकूण बत्तीस वर्षे.

अर्धवट राहिलेले वैद्यकीय शिक्षण वाया गेले नाही, असे मला वाटते. रोग्याच्या खाटेशी उभे राहून रोजच्या रोज टिपण ठेवायची सवय त्यांनी पिंजऱ्यापाशी नेली. कोणत्या प्राण्याने काय खाल्ले, काय टाकले, त्याला ऊन कितपत सोसते, तो आजारी कसा पडला आणि कशाने उठला, अशा नोंदी साठत गेल्या. त्यातून १८९२ साली बंगाल सरकारच्या छापखान्यातून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. खालच्या बंगालात बंदिस्त प्राण्यांची निगा कशी राखावी, हा त्याचा विषय. २४१ प्रकारचे सस्तन प्राणी आणि ४०२ प्रकारचे पक्षी त्यात आहेत. प्राण्याचे घर, खाणे, प्रवास, वीण आणि दुखणे-उपचार अशा अंगांनी माहिती दिलेली. लंडनच्या ‘नेचर’ने त्याची दखल घेतली. प्राणिपालनावर या तोडीचा दुसरा मोठा ग्रंथ यायला १९६४ साल उजाडावे लागले. तो न्यूयॉर्कच्या ली क्रँडल यांचा. मधली बहात्तर वर्षे जगभरातल्या प्राणिपालांना या बंगाली बाबूंचा आधार होता. अर्थात, टोपल्या वाहणाऱ्या आणि पिंजरे धुणाऱ्या माणसांनी सांगितलेलेही त्या पानांत उतरले असणारच. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

संग्रहालय पाहायला नामांकित मंडळी येत. १८९८च्या सुमारास विवेकानंद आले, बरोबर भगिनी निवेदिता होत्या. रामब्रह्मबाबूंनी त्यांना हिंडवून प्राणी दाखवले आणि मग उत्क्रांतीचा विषय निघाला. बाबू डार्विनच्या बाजूने. स्वामींनी पतंजलीचा आधार घेऊन जीवनकलहाची उपपत्ती अपुरी ठरवली. कोण बरोबर, हा वाद सोडून देऊ. पण हा संवाद पिंजऱ्यांच्या सान्निध्यात व्हावा, हे मला फार आवडते.

या कारकिर्दीतली सर्वांत मोठी घटना ३० जानेवारी १८८९ची. त्या दिवशी अलीपुरात सुमात्री गेंड्याचे पिल्लू जन्मले. हा गेंडा सर्वांत लहान, अंगावर केस असलेला, दोन शिंगांचा. एके काळी तो आसाम आणि चितगावपर्यंत आढळे. बंदिवासात त्याची वीण होणे किती अवघड आहे, हे तेव्हा कुणाला कळले नसावे. कळले ते शंभर वर्षांनी. १९८४नंतर जात वाचवण्यासाठी सुमारे चाळीस गेंडे धरून निरनिराळ्या संग्रहालयांत ठेवले गेले. बरेचसे मेले. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत उरलेला नर इपूही वाळक्या गवतावर खंगत चालला होता. अखेर एका अनुभवी प्राणिपालाच्या सांगण्यावरून वड-उंबराच्या कुळातल्या झाडांचा ताजा पाला विमानाने आणवला, तेव्हा तो जगला. मग टेरी रॉथ या शास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आले की या जातीची मादी नराशी संयोग झाल्याशिवाय बीज सोडतच नाही. त्यानंतरही एमी नावाच्या मादीचे गर्भ एकामागून एक गेले. शेवटी तिला संप्रेरक देऊन गर्भ टिकवला आणि १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदालास जन्मला.

अलीपूरनंतर ११२ वर्षांनी.

प्रयोगशाळा, सोनोग्राफी, रक्ततपासणी यांपैकी काहीही हाताशी नसताना १८८९ मध्ये ते घडले. त्यात नशिबाचा वाटा असेल. पण नर-मादी एकत्र राहतील इतकी वर्षे त्यांना निरोगी ठेवणे नशिबाने होत नाही. आणि वड, पिंपळ, उंबर तर कलकत्त्यात कुंपणापलीकडेच होते.

अंदालासला २००७ मध्ये सुमात्रात, वाय कांबास अभयारण्यात नेले. २०१२ साली त्याला तिथे पिल्लू झाले. मलेशियातली शेवटची मादी २०१९ मध्ये गेली. आज इंडोनेशियाच्या जंगलांत उरलेल्या या गेंड्यांची संख्या पन्नासच्या आत मानली जाते आणि आसामात तर त्याचे नावही विसरले गेले आहे.