सुकाण्याविना सुकाणू : ‘मेटल माइक’ आणि एक रशियन नौदल अधिकारी

१/
आगबोटीच्या सुकाण्याचे काम बाहेरून सोपे भासे. होकायंत्राकडे पाहावे, चाक फिरवावे. (लस्करांच्या बोलीतला हाच ‘सुकाणी’ इंग्रजांच्या तोंडी ‘सीकनी’ झाला.) तरीही हे काम यंत्राच्या हाती जाण्यास १९२० चे दशक उजाडावे लागले.

२/
पहिली अडचण होकायंत्राचीच होती. चुंबकसूची अत्यंत दुर्बल. तिच्यावर यंत्र चालवण्याचा भार टाकला की ती स्वतःच भरकटते. शिवाय पोलादी जहाजात ती बहकतेच. वेगाने फिरणाऱ्या चक्रावर आधारलेले जायरो-होकायंत्र जर्मनीत अँशुट्झ यांनी सिद्ध केले. अमेरिकेत एल्मर स्पेरी यांच्या होकायंत्राची चाचणी १९११ मध्ये ‘डेलावेअर’ या युद्धनौकेवर झाली.

३/
या यंत्राचे खरे महत्त्व त्याच्या तारांत आहे. मुख्य होकायंत्र जहाजाच्या पोटात सुरक्षित बसे आणि दिशेची वार्ता विजेच्या तारांतून वरच्या तबकड्यांपर्यंत पोहोचे. जहाजाची दिशा आता विद्युत्संकेत झाली होती. तोच संकेत विजेच्या मोटारीला दिला, मोटार साखळीने सुकाणूच्या चाकाला जोडली, की सुकाण्याचा हात मोकळा! स्पेरींच्या या ‘जायरोपायलट’ला खलाशी ‘मेटल माइक’ म्हणत.

४/
परंतु दिशा चुकली की सुकाणू वळव, एवढेच सांगून भागत नाही. हजारो टनांचे जहाज एकदा वळू लागले की थांबत नाही. ते योग्य दिशा ओलांडून पलीकडे जाते, मग यंत्र त्याला उलट ओढते, आणि वाट नागमोडी होते. कसलेला सुकाण्या जहाज दिशेवर येण्याआधीच चाक सैल करतो, प्रसंगी उलटही देतो. स्पेरींनी ही हातोटी यंत्रात उतरवली, पण तिचे गणित मांडले ते निकोलाय मिनोर्स्की यांनी.

५/
मिनोर्स्की हे रशियन नौदलातील अधिकारी. क्रांतीनंतर अमेरिकेत आलेले. १९२२ च्या त्यांच्या निबंधात तीन गोष्टींचा विचार आहे : जहाज आत्ता किती चुकले आहे, ती चूक किती वेगाने बदलते आहे, आणि वाऱ्यासारख्या सततच्या रेट्याने ती किती साचली आहे. आज कारखान्यांतील तापमानापासून ड्रोनपर्यंत वापरली जाणारी ‘पीआयडी’ पद्धत ती हीच.

६/
‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर १९२३ मध्ये चाचण्या झाल्या. यंत्राने जहाज उत्तम सांभाळले, तरी नौदलाने ते स्वीकारले नाही. जहाजावरील माणसांचा विरोध हे त्यामागचे एक कारण. तो विरोध निव्वळ हट्ट मानणे अन्यायाचे ठरेल. युद्धनौकेचे सुकाणू तारांवर सोपवताना एक तार तुटली तर काय, हा प्रश्न रास्तच होता. १९३० मध्ये मिनोर्स्की यांनी आपले हक्क बेंडिक्स कंपनीला विकले.

७/
लहान शिडाच्या होड्यांपर्यंत ही विद्या पोहोचली ती १९७० च्या दशकात. अवजड जायरोऐवजी विद्युत-होकायंत्र आले, १२ व्होल्टच्या बॅटरीवरची छोटी मोटार आली. जुनी पथ्ये मात्र सुटली नाहीत : होकायंत्र इंजिन, लोखंड आणि ध्वनिक्षेपकांपासून दूर, मोटारीची तार जाड, नाहीतर लांबच्या वाटेत दाब गळून ऐन लाटेत मोटार मंदावते.

८/
आणि अशा यंत्रांत तीन समायोजने सर्रास आढळतात : सुकाणूला किती वळण द्यावे, उलट वळण केव्हा द्यावे, आणि साचलेली चूक किती जलद भरून काढावी.