बंदुकीचा परवाना आणि सरकारी तिजोरी

अमेरिकेच्या राजकारणात दोन वाद कधी मिटत नाहीत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. सरकारने पैसा कशावर व किती खर्च करावा, हा एक. आणि नागरिकाने बंदूक बाळगावी की नाही, यात सरकारने कितपत हात घालावा, हा दुसरा. दुसऱ्याचे मूळ १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेस जोडलेल्या दुरुस्तीत आहे. आपल्या श्रोत्यांना हे भांडण परके वाटते. शस्त्र बाळगण्याचा हक्क ही काय मागण्याची वस्तू आहे, असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील. परंतु आपल्याच आजोबा-पणजोबांनी तो हक्क मागितला होता, तो तिजोरीच्या हिशेबाशी जोडून मागितला होता, आणि त्यांच्या दृष्टीने हे दोन प्रश्न मुळी वेगळे नव्हतेच.

या कथेचा आरंभ आपल्या शेजारीच आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, पळस्पे मागे टाकले, की शिरढोण लागते. तेथे १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. नातू मात्र पुण्यास सरकारच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून! सैन्यावर होणाऱ्या खर्चाचे कागद ज्याच्या हाताखालून जात होते, त्याच माणसाने पुढे सरकारविरुद्ध हत्यार उचलले, या गोष्टीचा आपल्या चरित्रकारांनी द्यावा तितका विचार केलेला नाही, असे मला वाटते.

१८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीच्या धोरणाने दुष्काळी कामावरील मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. पुढच्या दुष्काळांची बेगमी म्हणून लॉर्ड लिटनच्या सरकारने नवे कर बसविले; परंतु अफगाण युद्ध सुरू होताच ती तरतूद मागे पडली. आणि याच लिटनसाहेबाच्या कारकीर्दीत, १८७८ च्या मार्च महिन्यात, देशी भाषांतील वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा व हत्यारांचा कायदा असे दोन कायदे झाले. हत्यारांत बंदूकच काय, तलवार, भाला, धनुष्यबाण हेही मोडत. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनास मात्र या बंधनातून सूट होती. वर्तमानपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने १८८२ साली रद्द केला. हत्यारांच्या कायद्याला त्याने हात लावला नाही. लेखणीवर एक वेळ विश्वास टाकता येतो, बंदुकीवर नाही, हा राज्यकर्त्यांचा हिशेब त्यात स्पष्ट दिसतो.

वासुदेव बळवंतांचे बंड १८७९ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. त्यांचे साथीदार रामोशी. मे महिन्यात दौलतराव नाइकाच्या टोळीने येथलेच पळस्पे लुटले. त्याच सुमारास निघालेल्या जाहीरनाम्यात करांचा बोजा, बड्या अंमलदारांचे पगार आणि उपाशी रयतेस काम, असे विषय होते. बंडखोराच्या जाहीरनाम्यात अंदाजपत्रकावरची टीका! जुलैत ते पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात त्यांच्या बचावासाठी सार्वजनिक काका जोशी उभे राहिले. जन्मठेपेची शिक्षा होऊन वासुदेव बळवंत एडनला गेले, आणि १८८३ साली तेथेच वारले.

बंडाचा मार्ग असा खुंटला. तक्रार मात्र सनदशीर सभेत येऊन बसली. १८८५ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या काँग्रेसने लष्करी खर्चावर ठराव केला. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसने हत्यारांच्या कायद्यात बदल मागितला. ही मागणी करणाऱ्यांत पुष्कळसे वकील व संपादक होते, त्यांना स्वतःला बंदुकीची फारशी गरज नव्हती हे कबूल केले पाहिजे. त्यांना सलत होता तो गोऱ्याकाळ्याचा भेद. परंतु रानडुकरांनी पीक उकरलेल्या शेतकऱ्याला बंदूक ही चैनीची वस्तू नव्हती.

हे दोन धागे एकत्र गुंफले गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे विलायतेत त्यांची साक्ष झाली. पुढे वरिष्ठ कौन्सिलात २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिले भाषण झाले, तेव्हा सरकार सुमारे सात कोटींच्या शिलकीबद्दल स्वतःचे कौतुक करीत होते. गोखल्यांनी ती शिलक उलगडून दाखविली. रुपयाचा भाव घसरला असताना विलायतेचे देणे भागविण्यासाठी कर वाढविले होते, १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोनावरून अडीच रुपयांवर नेला होता. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तोटा सरला. कर मात्र तसेच राहिले. मग शिलक न पडेल तर काय होईल? ही भरभराट नव्हे, रयतेच्या खिशातून गरजेपेक्षा अधिक काढलेला पैसा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारही नव्हता. फक्त बोलता येत होते. तरीही मिठाचा कर १९०३ साली दोन, १९०५ साली दीड, आणि १९०७ साली एक रुपया झाला. पनवेल, उरण, पेण येथील मिठागरांच्या परिसराला हा इतिहास परका वाटू नये.

लष्करी खर्चावर त्यांचा मुद्दा अधिक खोल होता. इतर देशांत शांततेच्या काळी थोडे सैन्य आणि मागे शिकविलेल्या नागरिकांचे राखीव दल असते. येथे सरकारचा प्रजेवर विश्वास नाही, म्हणून तिला निःशस्त्र केले. निःशस्त्र केले म्हणून राखीव दल नाही. आणि राखीव दल नाही म्हणून बारमाही महागडे खडे सैन्य पोसावयाचे. म्हणजे अविश्वासाची किंमत रुपयांत मोजता येते, आणि ती शाळेच्या तरतुदीतून जाते. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. बडोद्यास सयाजीरावांनी ते पाच वर्षांपूर्वीच सुरू केले होते. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पैसा नाही, हे विरोधाच्या कारणांपैकी एक होते.

वर्णावरून दिलेली सूट पुढे १९२० च्या नियमांनी गेली. परवान्याचे बंधन राहिले. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क, लष्करी खर्चात निम्म्याने कपात, मीठकराची बंदी आणि मोफत प्राथमिक शिक्षण ही चारही एकाच कागदावर होती.

१९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी कराचीची आठवण देऊन शस्त्राचा हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. उत्तर दिले डॉ. आंबेडकरांनी. ज्यांचा प्रबंध प्रांतिक अर्थव्यवस्थेवर होता, असे हे कायदेमंत्री! परकी सरकारने हक्क नाकारला तेव्हा तो मागणे योग्य होते, आता परिस्थिती पालटली आहे, वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घ्यावे, तर राज्य चालावयाचे कसे, असे त्यांचे म्हणणे. शस्त्र धरणे हा व्यक्तीचा हक्क म्हणून मागण्यापेक्षा कर्तव्य मानावे, असेही ते म्हणाले. सूचना फेटाळली गेली. अमेरिकेत जो मजकूर घटनेत आहे, तो आपल्याकडे केंद्राच्या सूचीतील एक नोंद बनला. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली व तो १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला. त्यावर फारशी खळबळ झाली नाही. अंदाजपत्रकावर मत देण्याचा जो अधिकार गोखल्यांना नव्हता, तो लोकांच्या प्रतिनिधींना मिळाला होता.

कराचीच्या कागदावरील शाळेचे कलम मात्र मागे राहिले. घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. सबंध देशासाठी तसा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी, गोखल्यांचे विधेयक पडल्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.