टीव्ही आला, बिल कोण भरणार? आपल्या शाळांना मिळालेल्या मदतीची गोष्ट

मंडळी, जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही आला की आम्हा पत्रकारांना फोन येतो. फीत, नारळ, फोटो, दुसऱ्या दिवशी बातमी. पण बाहेरच्या मदतीचा इतिहास आपल्या भंडाऱ्यात बराच जुना आहे. तो पाहिला तर आज काय चाललंय ते पटकन समजतं. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

सुरुवात 1937 पासून करू. तेव्हा आपण मध्य प्रांत-वऱ्हाडात होतो. नागपूरला काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, शिक्षणमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल. खेड्याखेड्यात शाळा काढायच्या, पण मास्तरांच्या पगाराला पैसा नाही. त्यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावातल्या दात्यानं शाळेच्या नावानं जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून मास्तरचा पगार निघायचा. शिक्षक तयार करायला 1938 मध्ये वर्ध्याला विद्यालयही सुरू झालं. ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगनं मोठा वाद केला. नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि योजनेचा आधारच गेला.

योजना टिकली नाही. आपल्याकडचा धान तर पावसाच्या भरवशावर, पाऊस दगा देईल त्या वर्षी पगाराचं काय, हा प्रश्न होताच. तरी तिच्यातला हिशेब बघा. मास्तर दर महिन्याला लागतो, तर मदतही दरवर्षी पिकणारी हवी. एवढी साधी गोष्ट तेव्हा कळत होती.

दुसरा टप्पा बिडीचा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, ते वेगळं झालं 1 मे 1999 ला. स्वतः फारसं न शिकलेले बिडी कारखानदार मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांत हायस्कुलं उघडली. जिथं सातवीनंतर पोरांनी घरी बसायचं, तिथं मॅट्रिकची सोय झाली. भांडवल बिडीचं होतं, पण अशा खाजगी शाळा पुढे टिकल्या त्या शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानावर आला म्हणून. देणगीनं दार उघडलं, ते उघडं ठेवलं अनुदानानं.

बिडी वळणाऱ्या बायांच्या लेकरांसाठीही सोय झाली. 1976 च्या कायद्यानं बिडीवर कल्याण उपकर बसला, त्यातून दवाखाने आणि मुलांना शिष्यवृत्ती. जीएसटी आला तेव्हा, 1 जुलै 2017 पासून, हा उपकर रद्द झाला. म्हणजे या कामासाठीच राखलेला झरा बंद झाला आणि शिष्यवृत्ती केंद्राच्या बजेटवर गेली.

मग 1987 ची खडू-फळा मोहीम. दरेक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, आणि शैक्षणिक साहित्य. माझ्या वयाच्या लोकांनी ती पेटी पाहिली असेल. आमच्या शाळेत ती कपाटात कुलूपबंद असायची. सामान फुटलं तर जाब गुरुजींनाच द्यावा लागायचा, मग ते पोरांच्या हाती कशाला देतील? दुसरा गुरुजी आला, त्यानं मात्र शाळा बदलली. आमचा वर्ग वेगळा बसू लागला.

जेवणाचंही तसंच. 15 ऑगस्ट 1995 ला योजना आली तेव्हा 80 टक्के हजेरी असलेल्या पोराला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा. सुप्रीम कोर्टानं 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवलेलं अन्न द्या म्हटलं, आणि शाळेत चूल पेटली. पोरगं भर दुपारी शाळेत जेवू लागलं ते रोज रांधणारी बाई आली म्हणून.

आता आजचं. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत, आणि 2015 पासून खाणपट्ट्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. त्यातही शिक्षणाला प्राधान्य आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यानं दत्तक शाळा योजना काढली. ग्रामीण शाळेसाठी 5 वर्षांना 50 लाख किंवा 10 वर्षांना 1 कोटी एवढ्या किमतीची मदत, आणि दात्यानं सुचवलेलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. रोख चालत नाही, वस्तू आणि सेवाच द्यायच्या. रोखीत घोटाळे होतात, हे मान्य. पण वस्तूचं पुढे काय?

एका गावी मी बंद टीव्हीवर टाकलेला टॉवेल पाहिला. समितीचे अध्यक्ष म्हणाले, “टीव्ही त भेटला जी, पन बिल कोन भरन?” समग्र शिक्षाच्या निकषात 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचे 25,000 रुपये. महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्यात खडू, रजिस्टर, झाडू, दुरुस्ती आणि विजेचं बिल!

मी मदतीच्या विरोधात नाही. गावच्या पोराला टॅब्लेट मिळावा, प्रयोगशाळा मिळावी, जरूर मिळावी. पण शिक्षण हक्क कायद्यानं 60 पटापर्यंत दोन शिक्षक ठरवलेत, ते नेमणं सरकारचं काम आहे. दात्याच्या नावाची पाटी लागली म्हणून ते काम संपत नाही. एका शिक्षकावर चार वर्ग असतील तर स्मार्ट टीव्ही म्हणजे पोरं गप्प बसवायचं साधन, बाकी काही नाही.

याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करायचा असतो. तुम्ही त्या समितीत असाल तर पुढच्या दात्याला हार घालण्याआधी ठरावात दोन ओळी लिहून घ्या: पाच वर्षांचं वीजबिल आणि दुरुस्ती कोणाकडे? आणि हे साहित्य शिकवणारा शिक्षक आज शाळेत आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो ठराव घेऊन आधी जिल्हा परिषदेत जा. बातमी करायला मी येतो.