तिकीट काढणाऱ्यांचा कवी

सरंजामी आश्रयाच्या बळावर सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांनी १८४३ साली विष्णुदास भाव्यांकडून ‘सीतास्वयंवर’ करवून घेतले. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी संगीत नाटकाचे रूप ठरले ते या घटनेने, असे माझे मत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांची घडण पाहिली की ते पटते. इटालियन नाट्यकवी मेतास्तासिओ १७३० पासून व्हिएन्नाच्या दरबाराचा कवी होता. तो आधी शब्द लिही आणि त्याच्या एकाच संहितेला अनेक संगीतकार आपापले संगीत देत. किर्लोस्करांनी उलटे केले. कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, कामदा, लावणीच्या आणि कर्नाटकी चाली त्यांनी आधी हाताशी धरल्या आणि त्यांत शब्द बसवले. पैसे मोजून आलेल्या माणसाच्या कानात चाल आधीच असल्यामुळे त्याचे लक्ष अर्थाकडे मोकळे राही. शिवाय भाव्यांच्या खेळात सूत्रधार गाई आणि पात्रे बोलत. किर्लोस्करांनी गाणे पात्राच्याच तोंडी दिले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, तेव्हा प्रेक्षकांना हे नवे वाटले ते यामुळेच.

यावर कोणी म्हणेल, कथा कालिदासाची आणि चाली लोकांच्या, मग किर्लोस्करांचे काय? पण कालिदासही भावना दाटली की गद्य सोडून श्लोकाकडे वळतो. त्या जागा हेरून तिथे मराठी पद घालायला नाटककाराचीच नजर लागते. १८८२ च्या ‘सौभद्रा’त तर कालिदासाचा आधारही नव्हता. महाभारतातल्या कथाबीजातून त्यांनी आपल्या काळातले घर उभे केले: थोरला भाऊ बहिणीचे लग्न परस्पर ठरवतो आणि धाकटा ते युक्तीने मोडतो. गाण्याने नाटक थांबते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तो खरा ठरला पुढच्या पिढीत, ख्यालाच्या अंगाने पद विस्तारू लागले आणि ‘वन्समोअर’साठी प्रसंग खोळंबू लागला तेव्हा. किर्लोस्करांची बरीचशी पदे चार ओळींत पात्राचे मन सांगतात आणि लगेच पुढच्या वाक्याला वाट देतात. गद्याइतक्याच वेगाने ती म्हटली, तर नाटक कुठेही अडत नाही.