झेल कधी बसतो?

5 जुलै 2024 ला मुंबईच्या विधान भवनात टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या मुंबईकर खेळाडूंचा सत्कार झाला. सूर्यकुमार यादवला अर्थातच त्या एका झेलाबद्दल बोलायला लावलं. तो मराठीत थोडक्यात म्हणाला, की कॅच हातात बसला. नंतर रोहित शर्माने टोला हाणला: बसला ते बरं झालं, नाहीतर मीच त्याला बसवला असता. हशा झाला, टाळ्या पडल्या, आणि सगळे पुढच्या कार्यक्रमाला लागले.

मी मात्र त्या क्रियापदापाशी थांबलो. मराठीत आपण झेल घेतो, पकडतो, सोडतो. पण ज्याच्या तळहाताला चेंडू लागलेला असतो तो म्हणतो, ‘बसला’. दार चौकटीत बसतं, चष्मा नाकावर बसतो, तसा. आणि बसायला वेळ लागतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्या खात्यात पोहोचायच्या आत वीज गेली, तर व्यवहार झाला की नाही? नेमक्या कोणत्या क्षणापासून झाला म्हणायचं, हे आधी लिहून ठेवावं लागतं, नाहीतर नंतर भांडणं होतात. झेलाचा इतिहास म्हणजे बराचसा त्या क्षणाचा शोध आहे.

भांडणं मी जवळून पाहिली आहेत. माझं गाव एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरापासून फार लांब नाही. सूरजागड म्हटलं की बाहेरच्यांना लोहखनिज, ट्रकांच्या रांगा, आंदोलनं आणि बंदोबस्त एवढंच आठवतं. धान निघालं की त्याच भागात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात, याची बातमी होत नाही. एक मोठी बांधी बघायची, मधला पट्टा ठोकून सपाट करायचा, आणि बाउंड्री म्हणजे चारी बाजूंचा धुरा. आता धुरा काही दोरीसारखा सरळ नसतो. तो उंच असतो, दोन्ही बाजूंनी उतरता असतो. एक पाय उतारावर ठेवून कोणी झेल घेतला, तर आऊट की सिक्स? अंपायर बॅटिंगवाल्यांचाच कोणीतरी. मग ‘पाय लागला ना बे!’, ‘कुठी लागला?’, आणि शेवटी ‘आईची शपथ घे’. यावरून अर्धा-अर्धा तास खेळ थांबलेला मी पाहिला आहे. शपथ घेणाऱ्याचं म्हणणं बहुतेक वेळा मानलं जायचं. उद्या त्याच्याच ट्रॅक्टरवर बसून बाजाराला जायचं असायचं, हेही एक कारण असावं.

बांधीत मोहाचं झाड असेल तर आणखी मजा. फांदीला लागून खाली आलेला चेंडू झेलला तर आमच्याकडे नॉट आऊट. एमसीसीचे नियम वाचले तेव्हा कळलं, की तिथे उलट आहे. मैदानाच्या आतल्या अडथळ्याला लागून आलेला झेल चालतो, मात्र त्या अडथळ्याला बाउंड्री धरायचं असं नाणेफेकीआधी ठरलेलं नसावं. इंग्लंडमध्ये कॅंटरबरीच्या मैदानात सीमारेषेच्या आत लिंडनचं एक झाड होतं, त्याला चेंडू लागला की चार धावा. जानेवारी 2005 मध्ये ते वाऱ्याने पडलं.

जुन्या नियमांना झेल हा सोपा प्रकार वाटत होता. चेंडू जमिनीला लागण्याआधी धरला, की बाद. एकोणिसाव्या शतकातल्या नियमांत एवढीच पुस्ती होती, की चेंडू अंगाशी कवटाळून धरला तरी चालेल. बाकी सगळं अंपायरच्या डोळ्यावर आणि क्षेत्ररक्षकाच्या शब्दावर. 1971 च्या ओव्हल कसोटीत वेंकटराघवनच्या चेंडूवर एकनाथ सोलकरने अ‍ॅलन नॉटचा झेल पुढे झेपावून, जमिनीपासून जेमतेम वर घेतला. इंग्लंडचा डाव 101 वर संपला, आणि भारताने तिथली पहिली मालिका जिंकली. सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. 27 कसोटींत 53 झेल, तेही फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. त्या झेलाचं छायाचित्र आपण कौतुकाने बघतो. बोटं चेंडूच्या खाली होती का, हे मोठं करून बघायची कोणाला गरज वाटली नाही.

गोंधळ वेगळ्या बाजूने आला. 13 जून 1999, हेडिंग्ले, विश्वचषक. स्टीव्ह वॉ 56 वर असताना त्याचा सोपा झेल हर्शेल गिब्जच्या हातात आला, आणि आनंदाने वर फेकण्याच्या घाईत निसटला. चेंडू हातात आला होता हे सगळ्या जगाने पाहिलं. तरी वॉ नाबाद, कारण ताबा पूर्ण झाला नव्हता. वॉने पुढे नाबाद 120 केल्या. आजच्या नियमात हे स्पष्ट लिहिलं आहे: चेंडूचा पहिला स्पर्श झाला की झेल सुरू होतो, आणि क्षेत्ररक्षकाचा चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आला की संपतो. म्हणजे झेलाला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मधल्या काळात काहीही होऊ शकतं.

या मधल्या काळाने अमेरिकन फुटबॉलवाल्यांचं तर डोकंच फिरवलं. तिथे पुढे फेकलेला चेंडू झेलला तर खेळ पुढे सरकतो, नाही झेलला तर फेक फुकट. 12 सप्टेंबर 2010 ला शिकागोत डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने शेवटच्या अर्ध्या मिनिटात गोलपट्टीत चेंडू झेलला, दोन्ही पाय टेकले, पडला, आणि उठताना चेंडू जमिनीवरच राहिला. निकाल: झेल नाही, कारण ‘झेलाची प्रक्रिया’ पुरी झाली नाही. डेट्रॉइट 19-14 ने हरलं. जानेवारी 2015 मध्ये डॅलसच्या डेझ ब्रायंटचं असंच झालं. मैदानावर झेल दिला होता, कॅमेऱ्याने काढून घेतला. डिसेंबर 2017 मध्ये पिट्सबर्गच्या जेसी जेम्सचं पुन्हा तेच. मग मार्च 2018 मध्ये 32 संघांच्या मालकांनी एकमताने नियम बदलला: चेंडूवर ताबा, दोन पाय किंवा अंगाचा दुसरा भाग आत टेकलेला, आणि त्यानंतर तिसरं पाऊल किंवा हात पुढे नेण्यासारखी एखादी खेळाची हालचाल. पडताना शेवटपर्यंत धरून ठेवण्याची जुनी अट गेली. गंमत म्हणजे तिथे ताबा टिकला असेल तर चेंडू जमिनीला घासला तरी चालतो. आपल्याकडे तेवढ्यावर झेल जातो.

आपल्याकडे कॅमेऱ्याने आणखी एक घोळ घातला. गवताजवळचा झेल दुरून, लांब लेन्समधून चपटा दिसतो. हातात नीट असलेला चेंडूही गवताला टेकल्यासारखा वाटतो. जानेवारी 2008 च्या सिडनी कसोटीआधी कुंबळे आणि पाँटिंग यांचं ठरलं होतं, की अशा झेलांत क्षेत्ररक्षकाचा शब्द मानायचा. शेवटच्या दिवशी मायकेल क्लार्कने गांगुलीचा झेल घेतल्याचं सांगितलं, अंपायरने पाँटिंगला विचारलं, पाँटिंगने बोट वर केलं. गांगुली 51 वर बाद, भारत 122 धावांनी हरला. शब्द मानायची पद्धत त्या सामन्यातून फारशी धड बाहेर आली नाही. आमच्या बांधीतली शपथ टिकते, कारण शपथ घेणारा उद्याही तिथेच राहणार असतो. सिडनीत तसं काही नव्हतं, असं माझं मत.

मग ‘सॉफ्ट सिग्नल’चा काळ. मैदानातल्या अंपायरने आधी आपला अंदाज सांगायचा. तिसऱ्या अंपायरला ठोस पुरावा सापडला नाही, तर तो अंदाज कायम. आणि इथे सूर्यकुमार येतो, वेगळ्या बाजूने. 18 मार्च 2021, अहमदाबाद, इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधली त्याची ही पहिलीच फलंदाजी. पहिल्याच चेंडूवर जोफ्रा आर्चरला षटकार, मग 31 चेंडूंत 57. सॅम करनला मारलेला फटका डेव्हिड मलानने जमिनीलगत धरला. रीप्लेत चेंडू गवताला टेकल्यासारखा दिसत होता, पण अंदाज ‘आऊट’ होता आणि तो उलटवण्याइतका पुरावा नाही असं ठरलं. ऐंशी-नव्वद यार्डांवरून ज्याला नीट दिसलं नाही, त्याच्या अंदाजाला कॅमेऱ्यापेक्षा वजन. कोहलीने सामन्यानंतर विचारलं, की अंपायरला ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची सोय का नसावी? सरळ प्रश्न होता. जून 2023 पासून सॉफ्ट सिग्नल बंद झाला.

लगेच त्याच महिन्यात, ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, कॅमेरून ग्रीनने शुभमन गिलचा झेल एका हाताने जमिनीलगत घेतला. आता अंदाजाची आड नव्हती, सगळा भार तिसरे अंपायर रिचर्ड केटलबरो यांच्यावर. त्यांनी बाद दिलं. गिलने तो फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि सामन्याच्या मानधनाच्या 15 टक्के दंड भरला.

वर्षभराने, 29 जून 2024 ला बार्बाडोसमध्ये तिसऱ्या अंपायरच्या खुर्चीत पुन्हा केटलबरोच होते. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 हव्या होत्या. हार्दिक पांड्याचा पहिला चेंडू फुलटॉस, डेव्हिड मिलरने तो लाँग-ऑफकडे उचलला. सूर्यकुमारने धावत येऊन आत चेंडू धरला, तोल जातोय हे कळताच वर उडवला, दोरीबाहेर गेला, परत आत आला आणि धरला. नियमाच्या भाषेत पहिल्या स्पर्शाला झेल सुरू झाला होता, पण स्वतःच्या हालचालीवर ताबा नव्हता, म्हणून पुरा झाला नव्हता. दुसऱ्या वेळी दोन्ही ताबे आले. भारत 7 धावांनी जिंकला.

वाद नंतर पेटला तो दोरीवरून. गवतावर एक पांढरी खूण दिसत होती आणि दोरी तिच्या मागे. दोरी सरकली होती का? नियम सांगतो, की सीमारेषेची वस्तू जागेवरून हलली तर मूळ जागाच सीमारेषा धरायची. पण मूळ जागा कोणती? वेगवेगळ्या सामन्यांना वेगवेगळी खेळपट्टी वापरली की दोरीही नव्याने टाकतात आणि जुनी खूण गवतावर राहते. ती खूण बघून झेल खोटा ठरवणाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण हा प्रश्न धुऱ्याबद्दल कधीच येत नाही, हे मान्य करायला हवं. धुरा पिढ्यानपिढ्या तिथेच असतो, आणि हलला तर प्रकरण क्रिकेटचं राहत नाही, तलाठ्याकडे जातं.

सीमारेषेवरच्या अशा कसरती त्याआधीच फार लांब गेल्या होत्या. 1 जानेवारी 2023 ला ब्रिस्बेनमध्ये मायकेल नेसरने जॉर्डन सिल्कचा झेल घेताना चेंडू आतून वर उडवला, सीमारेषेबाहेर गेला, बाहेरच हवेत उडी मारून चेंडू पुन्हा उडवला आणि आत येऊन धरला. बाहेर असताना पाय जमिनीला आणि हात चेंडूला एकाच वेळी लागले नाहीत, म्हणून नियमात बसला. बघणाऱ्यांना मात्र तो झेल वाटेना. जून 2025 पासून आयसीसीच्या सामन्यांत यावर बंधन आलं आणि ऑक्टोबर 2026 पासून एमसीसीच्या नियमांतही येतं आहे: सीमारेषेबाहेर गेलेल्याने हवेत असताना चेंडूला एकदाच हात लावायचा, आणि मग आतच उतरायचं. सूर्यकुमारचा झेल या नियमानेही शाबूत राहतो, कारण बाहेर असताना त्याने चेंडूला हात लावलाच नाही.

आमच्याकडे हा नियम लावायची वेळ यायची नाही. धुऱ्याच्या पलीकडच्या बांधीत फेब्रुवारीपर्यंत लाखोळी उभी असते, आणि तिच्यात उडी मारणाऱ्याला आधी तिच्या मालकाला तोंड द्यावं लागतं.