तटाच्या आंत आणि तटाबाहेर

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतून वसईच्या यात्रेस उतरणाऱ्या भाविकांना तेथील कोट पाहून नवल वाटतें, आणि परततांना ते आम्हांस विचारतात, "असें पुरातन कांहीं आपल्या मुलखांत कां नाहीं?" ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं त्या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस उचित वाटतें.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें इ. स. 1534 मध्यें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांनीं तेथें भक्कम दगडी तट व बुरूज उभारिले. एक दरवाजा भुईकडे, दुसरा दर्याकडे. आंत संत जोसेफचें महामंदिर होतें. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन व येशूसंघीय यांचे मठ होते. याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाले. पुढें मे 1739 मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें सुरुंग लावून बुरुजास खिंडार पाडिलें आणि शहर शरण आलें. आज त्या भग्न भिंतींतून पिंपळ उगवले आहेत.

आतां रोमकडे वळूं. सम्राट ऑरेलियन यानें 271 सालीं रानटी टोळ्यांच्या भयानें त्या शहराभोंवतीं तट बांधावयास घेतला. सुमारें 19 किलोमीटर लांबीचा हा तट पुष्कळसा अद्यापि उभा असून प्रवासी तो कौतुकानें पाहतात. तरीहि ऑगस्ट 410 मध्यें अलारिकाचे गॉथ सैनिक रात्रीं सालारियन दरवाजानें आंत शिरले; तो दरवाजा आंतल्याच कोणी उघडिला, असें सांगतात. तट शाबूत राहिला, नगर मात्र लुटलें गेलें. उलट, संत पेत्र व संत पौल यांचीं महामंदिरें तटाबाहेर होतीं, आणि तेथें आश्रय घेणाऱ्यांस अलारिकानें अभय दिलें होतें. त्यांपैकीं एकास आजहि 'तटाबाहेरील संत पौल' असेंच म्हणतात.

वसईहि तोच धडा देते. कोट पडल्यावर परदेशी मठवासी निघून गेले. परंतु गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं देशी धर्मगुरूंच्या साह्यानें श्रद्धा जतन केली. तटाच्या आंतलें ओसाड झालें, बाहेरचें टिकलें.

आमच्या मुलखांतहि भूपतगडाचे अवशेष आहेत. परंतु लोकांच्या स्मरणांत त्याहून अधिक आहे तो शिरपामाळ. 1664 सालीं सुरतेस जातांना शिवाजी महाराजांचा मुक्काम तेथें पडला व जव्हारचे राजे विक्रमशहा यांनीं त्यांचें स्वागत केलें, असें सांगतात. तेथें तट नव्हता. मोकळा माळ होता.

म्हणून बंधुभगिनींनो, तट नाहीं याचा खेद करूं नये. दिवाळी सरतांच आपल्या पाड्यांवरील कित्येक कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात. मग रविवारीं मिस्सेच्या वेळीं बांक रिकामे दिसतात, आणि आंत उरलेल्यांचीच मोजणी करून आम्ही कित्येकदां थांबलों आहों. ही आमची चूक होय. जीं बाहेर गेलीं तींहि याच धर्मग्रामाचीं लेंकरें आहेत. त्यांच्या भट्टीवरील झोंपडीपर्यंत आपण पोंचलों, तरच ही ज्युबिली खरोखर साजरी झाली, असें आम्ही म्हणूं.